क्लाऊडचे देयक : मीटर नेमका कशावर फिरतो?

परळी वैजनाथ तालुक्यातील सिरसाळ्यासारख्या बाजारपेठेच्या गावी जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे खरीप पीक विम्याची धांदल. सेवा केंद्रांवर सातबारा, आधार आणि बँकेचे पासबुक घेऊन शेतकरी बसलेले असतात आणि अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असते. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा मिळू लागला तेव्हा अर्जांची संख्या दीड कोटीच्या वर गेली आणि ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. ती सवलत २०२५ मध्ये बंद झाली. परंतु अखेरच्या दिवसांतील गर्दीचा अनुभव सर्वांच्या स्मरणात आहे. अशा वेळी केंद्रचालकाच्या तोंडून निघणारे “सर्व्हर डाऊन आहे” हे शब्द आता खेड्यापाड्यांत कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. (गावातील वीज गेली, तार तुटली, किंवा संगणकप्रणालीच सदोष निघाली, तरी दोष सर्व्हरच्याच माथी मारला जातो, हा भाग वेगळा.)

या गर्दीतून एक आर्थिक प्रश्न उभा राहतो. जे काम वर्षाचे साडेअकरा महिने एका संगणकावर सुखाने चालते, त्याला दहा-पंधरा दिवस वीस संगणक लागतात. हे वीस संगणक विकत घ्यावेत काय? घेतले तर उरलेले वर्षभर त्यांची देखभाल कोणत्या लेखाशीर्षातून करावी? आणि न घेतले तर रांगेतील शेतकऱ्याला काय सांगावे? या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे क्लाऊड. ते उत्तर चांगले आहे. मात्र त्याचे देयक वाचता आले पाहिजे. नाही तर यंत्रांच्या किमतीत वाचविलेला पैसा भाड्यात निघून जातो.

मेघ आकाशात नाही, ऐरोलीत आहे

क्लाऊड या शब्दाने उगाच गूढ निर्माण केले आहे. यात आकाशात काहीही नसते. मोठ्या इमारतीत हजारो संगणक अहोरात्र चालू ठेवलेले असतात, त्यांना अखंड वीज व गारवा पुरविला जातो आणि त्यांची शक्ती तुकड्यातुकड्याने भाड्याने दिली जाते. अशी अनेक डेटा सेंटर्स नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या परिसरात आहेत. अमेझॉन कंपनीने मार्च २००६ मध्ये माहिती साठविण्याची आणि ऑगस्ट २००६ मध्ये संगणकशक्तीची अशी सेवा सुरू केली. त्या वेळचा दर होता, एका लहान सर्व्हरला ताशी दहा अमेरिकी सेंट आणि साठवणुकीला दर जीबीमागे महिन्याला पंधरा सेंट. ताशी भाडे आणि मासिक वखार हीच या धंद्याची दोन मूळ मापे असून आजची लांबलचक देयके त्यांच्याच फांद्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणि अमेझॉनने २०१६ मध्ये महाराष्ट्रात आपली केंद्रे उघडली. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मेघराज’ या उपक्रमाखाली शासकीय क्लाऊड सुरू केला, तर महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाऊडविषयीचे धोरण जाहीर केले.

लाभ किती होतो हे एका हिशेबावरून दिसेल. वीस सर्व्हर वर्षभर चालू ठेवले तर १,७५,२०० सर्व्हर-तास होतात. त्याऐवजी एक सर्व्हर वर्षभर आणि आणखी एकोणीस केवळ दहा दिवस चालविले तर ८,७६० अधिक ४,५६०, म्हणजे १३,३२० तास होतात. खर्च जवळजवळ तेराव्या हिश्शावर येतो. २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील नागरिकांसाठी कोविड लसीकरणाची नोंदणी खुली झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. असा लोंढा झेलण्यापुरती यंत्रे कायमची विकत घेऊन ठेवणे कोणत्याही राज्याला परवडणारे नाही.

परंतु अकराव्या दिवशी ते एकोणीस सर्व्हर बंद कोणी करायचे? ताशी चार रुपये दर धरला तरी ते चालू राहिल्यास रोज १,८२४ रुपये आणि महिन्याला ५५,४८० रुपये खर्च येतो. त्यावर एकही अर्ज भरला जात नसला तरी देयक येतेच.

अश्वशक्तीचा दर आणि युनिटचा दर

देयकाचे खरे मर्म येथेच आहे. “जेवढा वापर तेवढेच पैसे” असे या सेवेचे वर्णन सर्वत्र केले जाते. ते अर्धसत्य आहे, आणि ते शेतीपंपाच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. मराठवाड्यातील शेतकऱ्याला पंपाच्या वीजबिलाचे दोन प्रकार माहीत आहेत. एक मीटरचा, जितकी युनिटे तितके बिल. दुसरा अश्वशक्तीचा, पंप किती अश्वशक्तीचा आहे त्यावर आकारणी; मग पाणी उसाला दिले की विहीर कोरडी असल्याने पंप नुसता उभा राहिला, हे कोणी पाहत नाही. क्लाऊडमधील सर्व्हरचे भाडे बहुतांशी दुसऱ्या प्रकारचे आहे. सर्व्हर केवढा, म्हणजे त्यात किती प्रोसेसर व किती स्मृती, त्यावर ताशी दर ठरतो आणि तो चालू असेल तितक्या तासांचा आकार लागतो. त्या तासांत त्याने हजार अर्ज स्वीकारले की एकही नाही, याच्याशी देयकाचा संबंध नसतो. थोडक्यात, आकार कामाचा नसून कामासाठी राखून ठेवल्याचा असतो. पूर्वी अपुरा तासही पूर्ण तास धरला जाई; अमेझॉनने ऑक्टोबर २०१७ पासून पुष्कळ सर्व्हरांसाठी सेकंदावर आकारणी सुरू केली. त्यामुळे सर्व्हर वेळेवर बंद करणाऱ्याचा फायदा झाला. जो बंदच करीत नाही, त्याला सेकंद काय आणि तास काय, सारखेच.

शेजारच्या परळीच्या औष्णिक वीज केंद्राचा दाखला येथे घेता येईल. १९७१ मध्ये तेथील पहिला संच सुरू झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा कोळसा जळणे थांबले. कर्जाचे व्याज व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबले नाही. म्हणूनच वीजबिलात स्थिर आकार व वीज आकार हे दोन वेगळे रकाने असतात. क्लाऊडचे देयकही याच नजरेने वाचावे. कोणता रकाना बटन बंद करताच थांबतो आणि कोणता थांबत नाही, एवढे आधी पाहावे.

सर्व्हर बंद केला की त्याचे ताशी भाडे थांबते. पण त्याला जोडलेली साठवणुकीची डिस्क तशीच राहते आणि तिचे भाडे चालू राहते. तिच्या वेळोवेळी घेतलेल्या प्रतींचेही तेच. इंटरनेटवरील सार्वजनिक पत्ता राखून ठेवला असेल, तर त्याचेही पैसे पडतात. १ फेब्रुवारी २०२४ पासून अमेझॉन अशा प्रत्येक पत्त्याला ताशी अर्धा सेंट आकारू लागली. काही कंपन्यांच्या सेवेत तर ‘बंद’चेही दोन प्रकार आहेत. आतून संगणक बंद केला तरी त्याची जागा राखीवच राहते व भाडे चालू राहते. ती जागा कंपनीच्या नियंत्रणपटलावरून मोकळी करावी लागते. खोलीतील दिवा मालविला पण खोली सोडली नाही, तर धर्मशाळेचे भाडे चालूच राहणार.

एका महिन्याचे देयक

सिरसाळ्यासारख्या गावातील एखादी शिक्षणसंस्था प्रवेश व हजेरीची प्रणाली क्लाऊडवर ठेवते, असे समजू. पुढील दर केवळ समजुतीपुरते घेतले आहेत. प्रत्यक्ष दर कंपनीगणिक निराळे असतात व बदलत राहतात. जाहिरातीत दर दिसतो ताशी चार रुपये. महिन्याचे सरासरी ७३० तास, म्हणून सर्व्हरचे झाले २,९२० रुपये. संस्थेचे मन येथेच निश्चिंत होते. परंतु १०० जीबी डिस्क आठ रुपये दराने, म्हणजे ८०० रुपये. जुन्या-नव्या प्रती मिळून २०० जीबी, चार रुपये दराने आणखी ८००. पत्त्याचे ताशी चाळीस पैसे, म्हणजे २९२. आणि बाहेर गेलेली माहिती २०० जीबी, नऊ रुपये दराने १,८०० रुपये. बेरीज ६,६१२; त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून एकूण सुमारे ७,८०२ रुपये. जाहिरातीतला दर देयकाच्या दोन-पंचमांशालाही पोहोचत नाही.

यातील ‘बाहेर गेलेली माहिती’ हा रकाना सर्वांत फसवा. क्लाऊडमध्ये माहिती आत आणण्यास सहसा काहीच पडत नाही. ती वाचणाऱ्याकडे बाहेर जाताना प्रत्येक जीबी मोजला जातो. काही कंपन्या महिन्याचा आरंभीचा काही भाग विनामूल्य देतात, पण त्यापुढे मीटर सुरू होतो. वरील २०० जीबी आले कोठून? संस्थेने सराव प्रश्नपत्रिकांची पुस्तिका मोबाइलने छायाचित्रे काढून, त्यांची २० एमबीची एक फाइल करून संकेतस्थळावर ठेवली आणि ती दहा हजार वेळा उतरवून घेतली गेली. हीच पुस्तिका युनिकोडमध्ये टंकलिखित केली असती तर १ एमबीत मावली असती. देयक १,८०० ऐवजी ९० रुपये झाले असते, शिवाय विद्यार्थ्यांच्या मोबाइलचा डेटाही वाचला असता. ग्रामसभेची इतिवृत्ते, शासन निर्णय, लाभार्थ्यांच्या याद्या छायाचित्ररूपाने चढविण्याची जी पद्धत सर्वत्र पडून गेली आहे, तिची किंमत अशी दोन्हीकडून मोजावी लागते. त्या फाइलींत शब्द शोधता येत नाहीत, हे आणखी एक नुकसान.

आता तीच संस्था थोडी दक्षता घेते. हजेरीची प्रणाली शाळेच्या वेळेतच लागते. म्हणून सर्व्हर महिन्यातून पंचवीस दिवस, रोज आठ तास, असा २०० तासच चालविला. सर्वांनी उतरवून घ्यावयाची फाइल हलकी करून सर्व्हरऐवजी स्वतंत्र साठवणविभागात ठेवली, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही ती मिळते. जुन्या प्रती काढून ५० जीबी राखल्या. सर्व्हरचे ८००, डिस्कचे ८००, प्रतींचे २००, पत्त्याचे २९२, बाहेर गेलेल्या माहितीचे ९०; एकूण २,१८२ आणि कर धरून सुमारे २,५७५ रुपये. कंपनी तीच, दरही तेच; देयक मात्र एक-तृतीयांश. दर कमी करून घेण्यासाठी घासाघीस करणाऱ्या कार्यालयाने आधी या बाजूकडे पाहावे.

साठवणुकीविषयी एक गंभीर सूचना येथे अस्थानी होणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने राज्यातील शाळांत सीसीटीव्ही कॅमेरे बंधनकारक केले. बालकांच्या सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे. परंतु चित्रण कोठे ठेवायचे याचा निर्णय आकडे मांडून घ्यावा. सेकंदाला दोन मेगाबिट वेगाने चित्रण करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी भरतो. चार कॅमेऱ्यांचे तीस दिवसांचे चित्रण होते २,५९२ जीबी. दोन रुपये दराने ते क्लाऊडवर ठेवायचे तर महिन्याला ५,१८४ रुपये आणि वर कर. जुने चित्रण आपोआप पुसले जाईल अशी योजना केली असेल तरच हा आकडा स्थिर राहतो. तशी योजना नसेल तर बाराव्या महिन्याचे भाडे ६२,२०८ रुपयांवर जाते, कारण पहिल्या महिन्याचे चित्रणही अद्याप वखारीत पडून असते. शाळेतच चित्रण साठविणारे यंत्र कुलपात ठेवावे आणि एखादी घटना घडल्यास तेवढ्या भागाची प्रत क्लाऊडवर सुरक्षित करावी, हे बहुतेक ग्रामीण शाळांना पुरेसे आहे. पैसे न भरल्याने नेमके हवे तेच चित्रण नष्ट होणे, यापरते दुर्दैव नाही.

सालगडी की रोजंदारी

भाडे घेण्याच्या पद्धतीतही निवड करावी लागते. पाडव्याला साल ठरवून घेतलेला सालगडी आणि सुगीच्या दिवसांत रोजंदारीवर बोलाविलेला मजूर, यांचा हिशेब शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. क्लाऊडमध्येही एक किंवा तीन वर्षांचा करार केल्यास दरात मोठी सूट मिळते. मोठ्या कंपन्या ती सत्तर टक्क्यांपर्यंत असल्याचे सांगतात. मात्र ती रक्कम काम असो वा नसो, द्यावीच लागते. वर्षभर अखंड चालणाऱ्या कामाला साल परवडते. पीक विम्यासारख्या हंगामी गर्दीला रोजंदारीच बरी. बारा महिन्यांची वहिवाट न पाहता पहिल्याच दिवशी तीन वर्षांचा करार करणे अविचाराचे होय. आणि तीन वर्षे एकच सर्व्हर अखंड चालवून रोजंदारीचा चढा दर देत राहणे हेही तितकेच.

विदेशी कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. त्यांचे मूळ दर डॉलरमध्ये ठरतात, देयक रुपयांत आले तरीही. २०१६ च्या मध्यास एक डॉलर सुमारे ६७ रुपयांना होता. २०२४ च्या अखेरीस तो ८५ रुपयांवर गेला. वापर तसूभरही न वाढता खर्च पाव हिश्शाने वाढण्यास एवढे पुरेसे आहे. अंदाजपत्रकात ही वाढ धरलेली नसते. नाशिकच्या ईएसडीएससारख्या देशी कंपन्या रुपयांत दर देतात, हा त्यांचा एक लाभ.

अंदाजपत्रक आणि फिरता मीटर

शासकीय व पंचायतीच्या हिशेबात खरी अडचण येथे येते. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक वर्षाचे असते. खर्चाला आधी मंजुरी, मग खरेदी, मग प्रदान, हा क्रम ठरलेला आहे. क्लाऊडचा मीटर मात्र खर्च आधी करतो आणि आकडा नंतर सांगतो. खर्चाने ठरावीक मर्यादा ओलांडली की इशारा देणारी सोय सर्व मोठ्या सेवांत असते, आणि ती पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. पण तो निव्वळ इशारा असतो; सेवा त्याने आपोआप थांबत नाही. ईमेल कोणी उघडलीच नाही तर इशारा दिला काय आणि न दिला काय. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यातील अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली. त्या वेळी गाव अंधारात गेले तरी खांब व दिवे जागेवर होते. पैसे भरताच उजेड आला. क्लाऊडचे देयक थकल्यास कंपनी काही काळ वाट पाहते, मग सेवा बंद करते आणि त्यानंतर साठविलेली माहितीही पुसून टाकते. कर आकारणीची नमुना ८ ची नोंदवही केवळ तेथेच असेल, तर पैसे भरूनही ती परत मिळत नाही. म्हणून तिची एक प्रत दर महिन्यास कार्यालयातील संगणकात उतरवून ठेवणे अगत्याचे आहे.

लहान संस्थांनी मुळात मीटरच्या वाटेला जावे काय, हाही विचार करावा. गावाची माहिती, पदाधिकाऱ्यांची नावे, सूचना व छायाचित्रे एवढ्यापुरत्या संकेतस्थळाला स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे ठेवणारी सामाईक होस्टिंग सेवा ठरावीक वार्षिक रकमेत मिळते. तिचा आकडा आधी कळतो, ठरावात लिहिता येतो आणि लेखापरीक्षणातही अडत नाही. फक्त पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो. नूतनीकरणाचा दर कित्येकदा दुप्पट-तिप्पट निघतो, म्हणून दरपत्रकात दोन्ही आकडे मागावेत. याहून मोठ्या कामासाठी जिल्हा परिषदेने वा तालुक्याने एकत्र सेवा घेणे श्रेयस्कर. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने तपासणी करून सूचीबद्ध केलेल्या कंपन्यांकडून, शासकीय ई-बाजारपेठेमार्फत ती घेता येते.

राहता राहिला प्रश्न खात्याच्या मालकीचा. क्लाऊडचे खाते उघडण्यास बहुधा बँकेचे कार्ड जोडावे लागते आणि ते ग्रामपंचायतीकडे नसते. मग संकेतस्थळ तयार करणारा पुरवठादार स्वतःच्या नावाने खाते उघडतो, स्वतःच्या कार्डातून पैसे भरतो आणि पंचायतीला एकरकमी पावती देतो. यात गैर हेतू असेलच असे नाही. पण कागदोपत्री भाडेकरू तो असतो, पंचायत नव्हे. तांत्रिक तपशीलवार देयक त्याच्याकडे जाते आणि मीटर किती फिरला हे पंचायतीला कधीच कळत नाही. पुरवठादाराचा व्यवसाय बंद पडला किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होऊन पासवर्ड सोबत गेला, तर गावाच्या नावाचे संकेतस्थळ गावालाच उघडता येत नाही. म्हणून कार्यादेशातच चार गोष्टी लिहून घ्याव्यात : संकेतस्थळाचे नाव व खाते पंचायतीच्या नावे आणि तिच्या कार्यालयीन ईमेलवर असेल, दरमहाचे मूळ देयक पंचायतीस पाहता येईल, वार्षिक रकमेत किती साठवणूक व किती वापर अंतर्भूत आहे, आणि करार संपताच सर्व माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत दिली जाईल. या शेवटच्या अटीला पूर्वी कंपन्यांचा अडथळा असे, कारण माहिती हलविण्याचाही जीबीमागे आकार पडे. २०२४ च्या जानेवारी ते मार्चदरम्यान गूगल, अमेझॉन व मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी सेवा सोडून जाणाऱ्या ग्राहकांना तो माफ करण्याचे जाहीर केले. मात्र तशी विनंती खातेदाराला स्वतः करावी लागते.